‘कोड मागत नाही ना? मग कशाला?’

परवा रात्री साडेअकराला फोन वाजला. इथे ह्यूस्टनमध्ये रात्रीचे साडेअकरा म्हणजे पुण्यात सकाळचे दहा. एवढ्या रात्री भारतातला नंबर दिसला की आधी पोटात गोळा येतो (परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला हा गोळा ओळखीचा असतो), पण फोन घरचा नव्हता. माझ्या पहिल्या नोकरीतल्या साहेबांचा होता. डिग्री हातात पडल्यावर भोसरीतल्या ज्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये मी ट्रेनी म्हणून चिकटलो, ते शॉप त्यांचं. वेल्डिंग म्हणजे काय हे मला कॉलेजने नाही शिकवलं, या माणसाने शिकवलं. पुढे इथे येऊन मी त्यावर डॉक्टरेट केली, ती गोष्ट वेगळी.

"अरे, झोपला होतास का?"

"नाही साहेब, बोला ना."

"एक काम आहे तुझ्याकडे. तुमच्या अमेरिकेचीच ऑर्डर आहे."

ऑर्डर अशी: एका रिफायनरीसाठी लीन अमाइनचा ड्रम. साधं कार्बन स्टील, १४ मिलिमीटर जाडी, ७ मीटर लांबी. गिऱ्हाइकाच्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलंय की वेल्डिंग संपल्यावर पूर्ण ड्रमचं स्ट्रेस रिलीव्हिंग करायचं. शॉपच्या भाषेत ‘एस.आर.’. साहेबांकडे एवढी मोठी भट्टी नाही. ट्रेलरवर घालून चाकणला न्यायचा, तिथे रांगेत थांबायचं, भाडं द्यायचं, परत आणायचा. ऑर्डर घेताना दर आधीच कापलेला. उरलं काय?

"आणि मी म्हणतो, कशाला? चौदा मिलीला कोड कुठे एस.आर. मागतो? बत्तीसच्या खाली आहोत आपण. तू तिथला माणूस, डॉक्टर आहेस. एक चार ओळींचं पत्र लिहून दे, की तांत्रिकदृष्ट्या गरज नाही. तुझं ऐकतील ते."

मी नाही म्हटलं. साहेब काही बोलले नाहीत. फक्त, "बरं. अमेरिकेत राहून माणसं घाबरट होतात," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. रात्री साडेअकराला, ज्याने हाताला धरून शिकवलं त्या माणसापुढे, कुणाला देता येतं? म्हणून इथे लिहितो. साहेबांसाठी, आणि ‘कोड मागत नाही’ हे वाक्य दिवसातून चार वेळा म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी. ते पुण्यात आहेत, ठाण्यात आहेत, बडोद्यात आहेत आणि गैरसमज नको, इथे ह्यूस्टनमध्येही भरपूर आहेत.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. वेल्डिंग म्हणजे दोन प्लेटींच्या मध्ये वितळलेलं लोखंड ओतणं. ते थंड होताना आकसायला बघतं, पण दोन्ही बाजूंच्या थंड प्लेटी त्याला आकसू देत नाहीत. ही ओढाताण तशीच आत राहते. बाहेरून ड्रम शांत उभा असतो, आत एक किलोचंही प्रेशर नसतं, आणि तरी वेल्डच्या जवळचं पोलाद जवळजवळ त्याच्या ताकदीच्या मर्यादेपर्यंत ताणलेलं असतं. शिवाय वेल्डच्या शेजारची एक चिंचोळी पट्टी लाल होऊन झटकन थंड झाल्यामुळे कडक बनते. लोहाराने विळ्याला पाणी दिल्यासारखी. विळ्याला ते हवं असतं, ड्रमला नको असतं.

एस.आर. म्हणजे हा सगळा ड्रम हळूहळू ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यायचा, जाडीच्या दर इंचाला साधारण एक तास तिथे ठेवायचा, आणि मग तितक्याच सावकाश थंड करायचा. त्या तापमानाला पोलाद इतकं मऊ पडतं की आतली ओढाताण आपोआप सैल होते, कडक पट्टी नरम होते, आणि वेल्डिंगमध्ये शिरलेला हायड्रोजन निघून जातो. पुण्याच्या तांबट आळीत कधी उभे राहिला असाल तर हे डोळ्यांनी पाहिलं असेल. तांबट थोडा वेळ ठोकतो, मग भांडं भट्टीत धरतो, पुन्हा ठोकतो. न तापवता ठोकत राहिला तर हंडा तडकेल. त्याच्याकडे कोड नाही. पण भांडं कुठल्या अवस्थेला आलंय हे तो आवाजावरून ओळखतो.

आता ‘बत्तीस’ची गोष्ट. अमेरिकन प्रेशर व्हेसल कोडमध्ये, म्हणजे ए.एस.एम.ई. सेक्शन आठमध्ये, साध्या कार्बन स्टीलसाठी एक तक्ता आहे. सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटरच्या वर जाडी गेली की एस.आर. हवंच. वेल्डिंगच्या आधी ९५ अंशांपर्यंत प्रीहीट दिलं तर ही हद्द दीड इंचापर्यंत, ३८ मिलिमीटरपर्यंत जाते. फॅब्रिकेशनमधल्या प्रत्येक पोराला हे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. मलाही होते.

पण हा तक्ता फक्त पोलादाकडे बघून केलेला आहे. जाड प्लेट ठिसूळपणे तुटू शकते, तिच्यात ताण जास्त साठतो, म्हणून जाडी. त्या भांड्यात पाणी भरणार, हवा भरणार की विष भरणार, हे त्या तक्त्याला माहीतच नाही. प्राणघातक पदार्थांसाठी कोडमध्ये वेगळा नियम आहे. तिथे कार्बन स्टीलच्या भांड्याला जाडी न बघता एस.आर. लागतं. पण पदार्थ ‘प्राणघातक’ आहे की नाही हे ठरवायचं कुणी? मालकाने.

आणि इथेच माझा खरा मुद्दा आहे. ‘कोड मागत नाही’ हे वाक्य अर्धसत्य नाही, ते खोटं आहे. सेक्शन आठ उघडून अगदी सुरुवातीचा भाग वाचा, यू-२. (तो कुणी वाचत नाही. सगळे थेट जाडीच्या फॉर्म्युल्यावर जातात.) तिथे भांडं वापरणाऱ्याने काय काय ठरवून द्यायचं याची यादी आहे. त्यात गंजासाठी किती जाडी जास्त ठेवायची हे आहे, सेवा प्राणघातक आहे का हे आहे, आणि त्याच यादीत स्वच्छ लिहिलंय की या कोडच्या पलीकडे जाऊन, आतल्या परिस्थितीमुळे, वेल्डिंगनंतर उष्णताप्रक्रिया लागणार का, तेही वापरणाऱ्यानेच ठरवायचं. म्हणजे कोड गप्प बसलेला नाही. डॉक्टर औषध लिहिण्याआधी ‘कसली ॲलर्जी आहे का’ विचारतात, तसा तो विचारतो आहे. आपण त्या प्रश्नाला उत्तर न देता बाहेर येऊन सांगतो, की डॉक्टर काही बोलले नाहीत.

साहेब, तुमच्या गिऱ्हाइकाने त्या प्रश्नाचं उत्तर दिलंय. आणि आपण त्याला ते खोडायला सांगतोय.

आता तो असं उत्तर का देतो ते सांगतो.

२३ जुलै १९८४. शिकागोच्या नैर्ऋत्येला लेमाँट-रोमिओव्हिलजवळ युनियन ऑइल कंपनीची रिफायनरी होती. तिथे एक अमाइन ॲब्सॉर्बर टॉवर उभा होता, साधारण १९ मीटर उंच, अडीच मीटरपेक्षा थोडा जास्त व्यास. प्रोपेन आणि ब्युटेनमधला हायड्रोजन सल्फाइड मोनोइथेनॉलअमाइनने धुऊन काढायचं त्याचं काम. प्लेटची जाडी २५ मिलिमीटर. बत्तीसच्या खाली! १९७०च्या सुमाराला बांधताना एस.आर. केलं नव्हतं, कारण कोड मागत नव्हता. पुढे खालच्या भागातल्या प्लेटला फोड आणि पदर सुटल्यासारखे दोष आले म्हणून १९७४ मध्ये तिथलं एक पूर्ण कडं कापून नवं बसवलं. जागेवरच, हाताने वेल्डिंग करून. तेव्हाही एस.आर. नाही. कारण तेच.

पुढची दहा वर्षं तो टॉवर चालला. दहा वर्षं! ‘आमचे टॉवर चालतायत ना’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्या दिवशी संध्याकाळी एका ऑपरेटरला टॉवरच्या खालच्या बाजूला आडव्या चिरेतून गॅस फुसफुसताना दिसला. चीर वीतभर होती. त्याने व्हॉल्व्ह बंद करायला सुरुवात केली, तोवर ती वाढली. कंपनीचं अग्निशमन पथक येऊन पोहोचत होतं, आणि टॉवर त्या १९७४च्या खालच्या वेल्डलगत कंबरेत तुटला. वरचा १४ मीटरचा तुकडा रॉकेटसारखा उडाला आणि सुमारे एक किलोमीटरवर विजेच्या हाय टेन्शन मनोऱ्यावर जाऊन आदळला. १७ माणसं गेली. त्यांत निम्म्याहून जास्त आग विझवायला धावलेली.

नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने त्या पोलादाची चिरफाड केली. तुटायच्या आधीच आतून जवळपास ८०० मिलिमीटर लांबीची चीर तयार होती, आणि तिने जाडीचा नऊ-दशांशाहून जास्त भाग खाल्लेला होता. ती सुरू कुठे झाली? दुरुस्तीच्या वेल्डशेजारच्या त्या कडक पट्टीत. हायड्रोजन सल्फाइडच्या ओल्या संपर्कात पोलादाची कडकपणाची मर्यादा रॉकवेल सी मापात २२ धरतात. तिथे ती चाळिशीच्या पुढे निघाली. अशा पट्टीत हायड्रोजन शिरला की ती काचेसारखी वागते.

आता एक आकडा ऐका, माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा. त्या टॉवरचं कामाचं तापमान होतं ३८ अंश सेल्सिअस. पुण्यात एप्रिलमधली दुपार. ‘गरम सर्व्हिस असेल तर बघू’ म्हणणाऱ्यांना पुरून उरेल असा आकडा आहे. प्रेशर होतं १४ किलोच्या आसपास, म्हणजे तेही काही अघोरी नाही.

यानंतर इथल्या उद्योगाने आपापले अमाइन प्लांट उघडून तपासायला सुरुवात केली, आणि चिरा सापडत गेल्या. मोनोइथेनॉलअमाइनमध्ये सगळ्यात जास्त, आणि एस.आर. न केलेल्या वेल्डपाशी. १९९० मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने या विषयावर स्वतंत्र शिफारस काढली, आर.पी. ९४५. साहेबांच्या ड्रमच्या कागदावरची ती एक ओळ तिथून आलेली आहे. कुणा इंजिनिअरची लहर नाही ती. तिच्यामागे १७ माणसं उभी आहेत.

इथे माझे काही अनिवासी मित्र मान डोलावतात आणि म्हणतात, "बघ, अमेरिकेत एकदा चूक झाली की शिकतात. आपल्याकडे नाही." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत याच वाक्यावरून मी एकाशी भांडलोय (हातात मसालेभात होता, म्हणून आवाज तेवढा खाली ठेवला). शिकतात? २ एप्रिल २०१०ला, मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळाने, वॉशिंग्टन राज्यातल्या ॲनाकॉर्टिसच्या टेसोरो रिफायनरीत नॅफ्था युनिटमधला एक हीट एक्स्चेंजर फुटला. सात माणसं गेली. १९७२चा एक्स्चेंजर, कार्बन स्टीलचा, वेल्डचं एस.आर. नाही. आत गरम हायड्रोजन. असा हायड्रोजन पोलादातल्या कार्बनशी जुळतो, आतल्या आत मिथेन तयार होतो, तो बाहेर पडू शकत नाही आणि पोलाद कणाकणाने उसवत जातं. कुठल्या तापमानाला आणि किती हायड्रोजनला हे सुरू होतं, त्याची एक रेघ १९४९ पासून वापरात आहे, नेल्सन कर्व्ह. रेघेच्या खाली आहात? मग निश्चिंत. ही रेघ कार्बन स्टीलचं एस.आर. झालंय की नाही यात फरकच करत नव्हती! केमिकल सेफ्टी बोर्डाने २०१४च्या अहवालात दाखवलं की त्या एक्स्चेंजरमध्ये रेघेच्या खालच्या भागातही नुकसान झालेलं होतं. एस.आर. न केलेल्या कार्बन स्टीलसाठी वेगळी, खालची रेघ यायला २०१६ उजाडलं. आणि ती आल्यावरही, ती पुरेशी खाली नाही, असं त्याच बोर्डाने जाहीरपणे सांगितलं.

तेव्हा अमेरिका म्हणजे शहाणपणाचं माहेरघर, असं मी कुठेही म्हणत नाही. सांगायचं आहे ते उलटंच. रेघ, तक्ता, बत्तीस, अडतीस, या सगळ्याच्या आड लपायची सवय दोन्हीकडे सारखीच आहे. इथे लपणाऱ्याच्या टेबलावर कॉफी असते, तिथे चहा. एवढाच फरक.

गंमत म्हणजे या विषयाचा पहिला धडा जगाला आपल्याच देशाने दिलाय. ब्रिटिश अमलात सैन्याची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली असायची आणि पाऊस संपेपर्यंत त्यांना आपोआप भेगा पडलेल्या असायच्या. कुणी हात लावलेला नाही, कसला दाब नाही. लोक त्याला मोसमी तडा म्हणायचे. पुढे १९२१ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी उलगडा केला: काडतूस ओढून बनवताना पितळात अडकलेला ताण, आणि घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया. दोन्ही एकत्र आले की तडा, एक नसेल तर काही नाही. उपाय काय? काडतुसं थोडी तापवून आतला ताण सैल करायचा. तेच ते एस.आर.! तबेल्यातल्या हवेचं तापमान किती, यावर कुणी वाद घालत बसलं नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही सांगायला मला पंधरा वर्षं लागली.

साहेबांच्या शॉपमध्ये मी नवीन होतो. एका कारखान्याची कॉस्टिक लायची टाकी कोटेशनला आली होती. आडवी, १० मिलिमीटर जाडीची, ४८ टक्के लाय. चौकशीपत्रात एस.आर. लिहिलेलं. मी जोशात होतो. कॉस्टिकसाठी एक प्रसिद्ध आलेख आहे, आडव्या अक्षावर लायची तीव्रता, उभ्या अक्षावर तापमान. तीन भाग: एकात एस.आर. नको, दुसऱ्यात हवंच, तिसऱ्यात कार्बन स्टीलच चालत नाही, निकेलकडे जा. डेटाशीटवर तापमान होतं ४०. मी बोट ठेवून दाखवलं, साहेब, आपण पहिल्या भागात आहोत. कोड मागत नाही, आलेख मागत नाही. एस.आर.ची ओळ खोडली, दर खाली आला, ऑर्डर आपली. "पोरगं हुशार आहे," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. त्या दिवशी मी दोन इंच उंच झालो होतो.

ड्रॉइंगवर टाकीच्या पोटात दोन छोटे नोझल होते. एन-७ आणि एन-८. त्यांतून वाफेची कॉइल आत जायची. ५० टक्क्यांच्या आसपासची लाय १२ अंशांच्या आगेमागे गोठायला लागते, आणि तो कारखाना घाटमाथ्यावर होता, थंडीतल्या रात्री तिथे पारा त्याच्याही खाली जातो. मग ऑपरेटर कॉइलमध्ये वाफ सोडणार. टाकीतली लाय सरासरी ४० अंशांवरच राहणार, थर्मामीटर ४०च दाखवणार, डेटाशीटही खरंच बोलणार. पण कॉइलचा पाइप जिथे नोझलला जोडलाय, कॉइलचे ब्रॅकेट जिथे टाकीला वेल्ड केलेत, तिथे पोलादाचं तापमान लायचं नसतं, वाफेचं असतं. १४० अंश. आलेखाच्या पार दुसऱ्या टोकाला.

कॉइल कशासाठी आहे, हा प्रश्न मी विचारला नाही. नोझलची जाडी काढली, रीइन्फोर्समेंट पॅड काढला, फ्लँजचं रेटिंग टाकलं. का, ते विचारलं नाही.

चौदा महिन्यांनी टाकीखाली पांढरी पापडी जमलेली दिसली. लाय झिरपली की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तिची अशी पांढरी पूड होते. एन-७च्या वेल्डच्या काठावरून केसासारख्या चिरा निघाल्या होत्या. कळायच्या आधी एक कामगार तिथे चप्पल घालून उभा राहिला होता. त्याच्या पायाची कातडी गेली. तो वाचला, पाय वाचला, आणि गिऱ्हाइकाने टाकी बदलून घेतली. कागदोपत्री आमची काही चूक नव्हती, कारण डिव्हिएशन त्यांनी मंजूर केलेलं होतं. माझी सही असलेलं डिव्हिएशन.

मी पीएच.डी.साठी विषय कसा निवडला, असं लोक विचारतात. मी काहीतरी सांगतो.

म्हणून आज प्रोसेस इंजिनिअरांशी माझं भांडण आहे, आणि ते फॅब्रिकेटरशी आहे त्यापेक्षा मोठं आहे. बिचारा फॅब्रिकेटर कागदावर लिहिलेलं वाचतो. पण कागदावर ‘तापमान ४०’ लिहिणारा माणूस कुठलं तापमान लिहितोय? नेहमीचं. सगळं सुरळीत चालू असताना, मंगळवारी सकाळी अकरा वाजता असतं ते. शटडाउनच्या आधी भांडं स्वच्छ करायला त्यात वाफ सोडतात, तेव्हा काय? तळाशी चार बोटं कॉस्टिक किंवा अमाइन उरलेलं असतं, कुणी धुतलेलं नसतं, आणि सगळं भांडं काही तास शंभराच्या वर जातं. आयुष्यभर ४० अंशांवर काढलेल्या भांड्याला त्या काही तासांत चिरा पडू शकतात. ही वाफ डेटाशीटवर कधीच नसते. मी आजवर जितके प्रोसेस इंजिनिअर पाहिले त्यांतल्या बहुतेकांना स्टीम-आउटचं तापमान विचारलं की ते मेंटेनन्सकडे बोट दाखवतात, मेंटेनन्सवाला ऑपरेशनकडे, आणि ऑपरेशनवाला म्हणतो, आम्ही नेहमी असंच करतो. पदार्थ काय, तीव्रता किती, पाणी आहे का, हायड्रोजन सल्फाइड किती, आणि चालू करताना, बंद करताना, धुताना, वाफ देताना धातू प्रत्यक्षात किती तापतो, एवढं एका पानावर लिहायला कुणाचं काय जातं? ते पान नसेल तर धातूवाल्याने उत्तर देऊ नये. मी आता देत नाही.

आता दुसऱ्या टोकाचे. यांचाही समाचार घ्यायलाच हवा, नाहीतर साहेब म्हणतील मी एकतर्फी बोलतो. ‘कटकट नको, सगळ्यालाच एस.आर. लिहून टाका’ असं म्हणणारे खरेदी विभाग इथे ढिगाने आहेत. त्यांनाही विचार करायचा नाही, फक्त त्यांचा आळस महाग आहे. एस.आर. म्हणजे अंगारा नाही. घाणेरड्या पोलादात गंधकाचे पदर असतील आणि हायड्रोजन आत शिरून फोड येत असतील, तर वेल्ड कितीही नरम करा, प्लेट फुगायची ती फुगणारच. तिथे स्वच्छ प्लेटच घ्यावी लागते. कॉस्टिक आलेखाच्या तिसऱ्या भागात एस.आर. करून कार्बन स्टील वापरणं ही नुसती आत्मवंचना. साधं स्टेनलेस त्या तापमानात तासभर ठेवलंत तर उलट त्याची गंज रोखायची ताकद कमी होऊ शकते. पुन्हापुन्हा एस.आर. केलं तर कार्बन स्टीलचीही ताकद उतरते. आणि भट्टीत आधार नीट दिले नाहीत तर शेल स्वतःच्या वजनाने बसतं आणि मग फ्लँजचे फेस जुळत नाहीत. जिथे आतली परिस्थिती मागत नाही तिथे हे सगळं विकत का घ्यायचं?

आणि सगळ्यात राग येतो तो एस.आर. झाल्यानंतरच्या वेल्डिंगचा. नेमप्लेटवर ‘एच.टी.’ ठोकलेलं असतं, शेलवर फूटभर अक्षरांत ‘डू नॉट वेल्ड’ रंगवलेलं असतं, आणि तीन वर्षांनी एक इन्सुलेशनवाला येऊन त्याच अक्षरांच्या शेजारी चार क्लीट चिकटवून जातो. त्या क्लीटखाली पुन्हा तीच कडक पट्टी, तोच ताण. लाखो रुपये खर्चून काढलेला ताण दोन इलेक्ट्रोडमध्ये परत. हे मी भारतात पाहिलंय, टेक्ससमध्येही पाहिलंय.

साहेब म्हणतील, तू तिकडे लॅबमध्ये बसून बोलतोस, इथे तीस माणसांचे पगार द्यायचे असतात. खरं आहे. मला महिन्याच्या सात तारखेची चिंता नाही. आणि आपल्याकडच्या शॉपला अमेरिकन गिऱ्हाईक दर पाडून पाडून मारतं, मग वर स्पेसिफिकेशनची चाळीस पानं पाठवतं, हेही मी रोज पलीकडच्या बाजूने बघतो. त्या चाळीस पानांतली तीस पानं मी स्वतः फाडून टाकायला मदत करीन. कुठला रंग, कुठला बोल्ट, कुठल्या कागदावर किती सह्या, त्यावर हवं तेवढं भांडू या. पण ही ओळ त्या तीस पानांत नाही. हा ड्रम जिथे जाईल तिथे त्याच्याखालून कुणीतरी रोज चालणार आहे. आणि उद्या असाच ड्रम तुम्ही माहुलच्या रिफायनरीला द्याल. तिथे तर माणसं भिंतीला लागून राहतात.

हे सगळं लिहून ठेवलं होतं. आज सकाळी (त्यांची रात्र) साहेबांचा पुन्हा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, थेट मुद्द्यावर.

"चाकणची भट्टी पाचच मीटर आहे. आपला ड्रम सात. दोन वेळा घालून चालेल का?"

म्हटलं, चालेल साहेब, कोडमध्ये तशी सोय आहे. आधी एक बाजू, मग उलटा फिरवून दुसरी. दोन्ही वेळेला तापणारा मधला पट्टा किमान पाच फूट ठेवा. बाहेर राहणाऱ्या भागाला ब्लँकेट गुंडाळा, नाहीतर दाराशी तापमानाची उडी पडेल आणि नवाच ताण तयार होईल. थर्मोकपल खालच्या बाजूलाही लावा, भट्टीवाले फक्त वर लावतात. सगळी क्लीट आधी वेल्ड करून घ्या, प्लॅटफॉर्मची, इन्सुलेशनची, नेमप्लेटच्या ब्रॅकेटचीसुद्धा. हायड्रो त्यानंतर. आणि फ्लँजचे फेस शेवटी मशीन करा.

"लिहून पाठव," साहेब म्हणाले. "आणि त्या गिऱ्हाइकाला सांग, ट्रेलरचं भाडं वाढवून द्या म्हणावं."

ते पत्र मात्र मी लगेच लिहायला घेतलंय.